मित्राला "मला झेपत नाहीये" हे कळवायचं कसं? अभ्यासिकेत लावायच्या कागदासाठी मदत हवी

चौथा_मजला

पुण्यात नवी पेठेत स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका चालवतो. बहुतेक राज्यसेवा आणि संयुक्तवाले, थोडे यूपीएससीचे. मुलं-मुली मुख्यतः मराठवाडा-विदर्भातली, कॉट बेसिसवर राहणारी. पूर्वपरीक्षेचा निकाल लागला किंवा परीक्षा पुढे गेली की काही खुर्च्या रिकाम्या होतात. त्याहून जास्त काळजी त्यांची वाटते, जी येतात, पुस्तक उघडतात आणि तासभर पान उलटत नाहीत.

हेल्पलाइनचं पोस्टर लावलेलं आहे. त्याखाली सायकलच्या चाव्या अडकवतात, बाकी उपयोग शून्य. माझा अंदाज असा, की ही मुलं आधी मित्रालाच सांगतील, पण सुरुवात कशी करायची इथे अडतात. म्हणून एक पान तयार करतोय. हवं ते असं:

पहिला मेसेज नेमका काय लिहायचा? कोणाला, कारण इथे मित्र आणि स्पर्धक एकच असतात? उत्तर आलं नाही तर? आणि ज्याला असा मेसेज येतो त्याने काय करायचं?

"हार मानू नका" छापाचे सुविचार कृपया नकोत. भिंतीवर जागा उरलेली नाही.

ओसरी

पहिल्या मेसेजवरच लिहिते, कारण गाडी तिथेच अडते.

न चालणारे मेसेज आधी. "हाय" लिहिलं की "हाय" येतं, आणि मग दुसरी ओळ टाइप करायला पहिलीपेक्षा जास्त बळ लागतं. "जरा बोलायचं होतं" यावर समोरचा एकतर घाबरतो किंवा पैसे हवे असतील असं समजतो. हातउसने मागणाऱ्या मेसेजची सुरुवातही अशीच असते, त्यात त्याची काय चूक? "मोकळा झालास की फोन कर" हे सभ्य दिसतं, पण तयारी करणारा माणूस मोकळा कधी होतच नाही. स्टेटसला दुःखी ओळी टाकणं हा तर सगळ्यात वाईट मार्ग. चाळीस जण बघतात आणि प्रत्येकाला वाटतं की हे दुसऱ्या कोणासाठी आहे.

चालणाऱ्या मेसेजमध्ये चार गोष्टी असतात: काय झालंय, काय हवंय, किती वेळ आणि कधी. कागदावर हा नमुना जसाच्या तसा छापा:

"अरे, निकाल लागल्यापासून डोकं चालत नाहीये, झोपही धड नाही. उद्या संध्याकाळी सातला अर्धा तास माझ्याबरोबर चालायला येशील का? सल्ला नको, नुसतं ऐक. उद्या जमत नसेल तर परवा चालेल."

"निकाल लागल्यापासून" म्हटलं की समोरच्याला तर्क लढवत बसावं लागत नाही. "अर्धा तास" म्हटलं की त्याला होकार देणं सोपं जातं. शेवट नसलेल्या बोलण्याला अभ्यासातला माणूस कचरतो. "सल्ला नको" हे आधीच सांगायचं, नाहीतर पाचव्या मिनिटाला टाइमटेबल आखून मिळतं. आणि "परवा चालेल" मुळे त्याला तुम्हाला न नाकारता उद्याची वेळ नाकारता येते.

बोलायलाच सुचत नसेल तर दुसरा नमुना: "काय होतंय ते नीट सांगता येत नाहीये, पण बरं चाललेलं नाही. आज रात्री मेसला तुझ्याबरोबर येऊ का? काही विचारू नकोस, सोबत हवी आहे." ज्याने दोन दिवस धड खाल्लेलं नाही त्याला याचा उपयोग बोलण्याहून जास्त होतो.

तिसरा नमुना कामाचा. सगळं अंगावर येतं तेव्हा त्यात दोन-तीन अगदी बारकी कामं अडकलेली असतात: फॉर्मची शेवटची तारीख, खोलीचं भाडं, घरी न केलेला फोन. "फॉर्म भरायचा राहिलाय, हात जात नाहीये. उद्या सकाळी दहाला अर्धा तास शेजारी बसशील का?" मन मोकळं करायला लाजणारी मुलंसुद्धा हा मेसेज पाठवतात. भरायचं त्यानेच, मित्राने फक्त बसायचं.

व्हॉइस नोट पाठवायची तर एक मिनिटाच्या आत. आठ मिनिटांची नोट अभ्यासिकेत ऐकता येत नाही, "खोलीवर गेल्यावर ऐकू" म्हणून राहून जाते, आणि पाठवणाऱ्याला वाटतं की ऐकूनही हा गप्प बसला. मेसेज पाठवून लगेच पुसायचा नाही. पुसल्याचं समोर दिसतं आणि मग "काय पुसलंस?" यावरच बोलणं अडतं.

रात्री दोनला लिहिलेला मेसेज तसाच ठेवून सकाळी एकदा वाचून पाठवावा, कारण रात्रीचा मजकूर तिप्पट लांब असतो. अपवाद एकच: रात्र निघेल असं वाटत नसेल तर मेसेज लिहीत बसायचं नाही. थेट फोन, कितीही वाजलेले असोत.

पाणपोई

कोणाला, याबद्दल.

बरं असताना तीन नावं लिहून ठेवायला सांगा. वाईट दिवशी फोनमधली चारशे नावं वाचत गेलं की प्रत्येक नावाला एक "नको" सापडतो. पहिलं नाव चालत दहा मिनिटांत येऊ शकेल अशा कोणाचं. दुसरं परीक्षेच्या बाहेरच्या माणसाचं. तिसरं घरातल्या पण आईवडील नसलेल्या कोणाचं: मावसबहीण, चुलतभाऊ, धाकटा मामा. आईवडिलांना सांगू नये असं मुळीच नाही. पण "त्यांनी शेत गहाण टाकलंय" हे ओझं असलेला मुलगा पहिला फोन त्यांना करत नाही हे खरं आहे, आणि कागद खऱ्या मुलासाठी आहे.

त्यातही दुसरं नाव सगळ्यात कामाचं. गावाकडे तयारी सोडून दुकान किंवा शेती बघणारा मित्र. त्याला कट-ऑफशी देणंघेणं नसतं, त्यामुळे बोलणं "तुला सीसॅटला किती?" कडे वळत नाही. फक्त त्याच्या वेळा लक्षात घ्याव्यात. सुगीत दिवसा फोन उचलला जाणार नाही; पंपाची वीज रात्रीची असेल तर तो रात्री अकराला जागा असतो आणि सकाळी झोपलेला. एमआयडीसीत असेल तर शिफ्ट विचारून घ्यायची.

एकाच परीक्षेला बसलेल्या मित्रांत निकालाच्या आठवड्यात एक ठरलेला गैरसमज होतो. पास झालेला संकोचाने टाळतो आणि राहिलेला समजतो की याला शिंगं फुटली. तो फोडायचा असेल तर राहिलेल्यानेच पहिलं वाक्य लिहावं: "तुझं झालं, अभिनंदन. माझं नाही झालं आणि मला ते जड जातंय. अभ्यासावर नको, असंच भेटू."

रूममेट आपोआप पहिलं नाव होत नाही. तो जवळ असतो हे खरं, पण चार कॉटच्या खोलीत तो उठून कुठे जाणार? त्याचीही सुटका हवी.

ग्रुपवर टाकू नका, हे ठळक छापा. जॉन डार्ली आणि बिब लॅटाने यांनी १९६८ साली प्रयोगांतून दाखवलं, की अडचण जितके जास्त लोक ऐकत असतात तितकी एकेकट्याची मदतीला उठण्याची शक्यता कमी होते, कारण प्रत्येकाला वाटतं की दुसरा कोणी बघेल. ग्रुपवर हात जोडलेले वीस इमोजी येतात आणि फोन एकाचाही येत नाही. टाकून झालंच असेल तर त्यातल्या एकाला नाव घेऊन वेगळा मेसेज करायचा.

उत्तर नाही आलं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबावं. मग एकच आठवण, टोमणा न मारता: "कालचा मेसेज बघितलास का? या दोन दिवसांत जमेल का तेवढं सांग." त्यानंतर सरळ दुसरं नाव. मुख्य परीक्षेच्या आधी अनेक जण व्हॉट्सॲप काढून टाकतात किंवा साधा बटणांचा फोन वापरतात. एकच टिक दिसत असेल तर राग धरायचा नाही, साधा कॉल लावायचा.

शंकासुर

हे सगळं वाचून वाटतंय की मेसेजचा निबंध होतोय. उचला फोन, लावा. मुलं लिहिण्यातच तीन दिवस घालवतील.

ओसरी

शंकासुर, अर्धं मान्य. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांचा २०२१ मधला अभ्यास तुमच्याच बाजूने आहे: जुन्या ओळखीच्या माणसाशी आवाजात बोलणं अवघडल्यासारखं होईल असं लोकांना आधी वाटत होतं, प्रत्यक्षात तसं झालं नाही आणि जवळीक लिखाणापेक्षा जास्त वाटली. पण अचानक आलेला फोन अभ्यासिकेत सायलेंटवर असतो. मिस्ड कॉल बघून तो तासाने परत करतो, तोवर याचं धाडस संपलेलं असतं आणि "काही नाही रे, सहज केला होता" असं उत्तर निघतं. म्हणून मेसेज फक्त वेळ ठरवण्यापुरता, बोलणं आवाजात किंवा समोरासमोर. वरच्या नमुन्यात चारच ओळी आहेत, निबंध नाही.

खिडकीजवळची

जागा कुठली, हे कोणी लिहिलं नाही. पेठेत हा मोठाच प्रश्न आहे.

अमृततुल्यवर नको. कटिंग संपायच्या आत अभ्यासिकेतले दोघे येऊन उभे राहतात आणि विषय भरतीच्या जागा किती निघणार यावर जातो. अभ्यासिकेच्या पार्किंगमध्ये आवाज वर ऐकू येतो. चालत बोलणं सगळ्यात बरं: समोरासमोर बघावं लागत नाही, डोळ्यात पाणी आलं तरी दिसत नाही, गप्प राहिलं तरी चमत्कारिक वाटत नाही. सारसबागेच्या बाजूला संध्याकाळी गर्दी असते, पण ती अनोळखी गर्दी, ती चालते. पर्वती मात्र नको, पायऱ्यांवर धाप लागते आणि बोलणं तुटतं.

मुलींसाठी वेगळं लिहा. बऱ्याच होस्टेलची गेटं रात्री लवकर बंद होतात, त्यामुळे "संध्याकाळी सात" ऐवजी "साडेपाच" छापा. खोलीत बाकीच्या तिघी असताना फोनवर मोकळं बोलता येत नाही. यावर एक सोपी युक्ती आहे. आधी मेसेज करायचा: "खोलीत सगळ्या आहेत. मी फक्त हो-नाही म्हणू शकते, तू विचार." मग मैत्रीण विचारते: जेवलीस का? झोप लागली का? घरून काही झालं का? लग्नाचा विषय निघालाय का? चार-पाच प्रश्नांत मुद्दा सापडतो. लग्नाचा प्रश्न यादीत ठेवाच, कारण निकालानंतर घरून येणाऱ्या फोनमध्ये तो असतोच असतो.

आणि पैशाचं. त्याच बोलण्यात उसने मागू नयेत. गरज खरी असली तरी वेगळ्या दिवशी मागावेत. एकत्र केलं की समोरच्याला आधीचं सगळं बोलणं प्रस्तावना वाटायला लागतं.

ओपीडीनंतर

ज्याला मेसेज येतो त्याची बाजू मी लिहितो. कागदाचा अर्धा भाग यालाच द्या.

मेसेज वाचल्यावर लगेच भेटता येत नसेल तरी लगेच उत्तर द्यायचं आणि त्यात वेळ असली पाहिजे: "वाचलं. बरं झालं सांगितलंस. आत्ता टेस्टमध्ये आहे, आठला फोन करतो." आठला करायचाच. सव्वाआठ झाले तरी पलीकडचा माणूस हिशेब मांडायला लागतो. नुसतं "काळजी घे" म्हणजे दार लावून घेणं.

भेटल्यावर पहिली दहा मिनिटं फक्त ऐकायचं. मध्ये शांतता पडली तर भरायची नाही. प्रश्न साधे: "कधीपासून?", "रात्री काय होतं?", "सगळ्यात जड काय वाटतंय?" टाळायची वाक्यं: "एवढं काय मनाला लावून घेतोस", "अमक्याचे सहा अटेम्प्ट गेले, तो हसतोय बघ", "घरच्यांचा विचार कर". शेवटचं सगळ्यात घातक, कारण तो दुसरं काही करतच नसतो. विचारायचं एवढंच: "ऐकू, की काही सुचवू?"

आता अवघड भाग. "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास", "आता सुटका हवी" अशी वाक्यं आली, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखं बोलणं दिसलं, किंवा खूप अस्वस्थ माणूस अचानक शांत झाला, तर सरळ शब्दांत विचारायचं: "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने डोक्यात विचार पेरला जातो, हा गैरसमज आहे. उलट कोणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. आडवळणाने "तसलं काही करणार नाहीस ना?" असं विचारू नये. त्याला "नाही" हे एकच उत्तर असतं.

उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही. धोक्याचं काही जवळ असेल तर दूर करायचं. "कोणाला सांगणार नाही" हे वचन द्यायचं नाही, दिलेलं असेल तर मोडायचं आणि तसं त्याला सांगायचं: "हे मी एकट्याने सांभाळणार नाही, तुझ्या भावाला बोलावतोय." त्याच्या शेजारी बसून १४४१६ लावायचा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही. भाषा निवडली की प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज पडली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतो. मित्रानेही स्वतःसाठी, "मी काय करू?" हे विचारायला लावला तरी चालतो. हे बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून छापा. धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा १०८, नाहीतर रिक्षाने जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात; पुण्यात ससून आहे.

पोलिसांच्या भीतीने पोरं लपवतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार, प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं आणि तिला त्यासाठी शिक्षा होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं, दंडविधानातलं जुनं कलम ३०९ ठेवलेलंच नाही. "नोकरीत अडचण येईल" म्हणून उपचार टाळणाऱ्याला हे नीट सांगा.

एवढं टोकाचं नसेल, पण दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ उदास वाटतंय, झोप-भूक बिघडलीय, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, तर ते मित्राच्या आवाक्यातलं नाही. मित्राचं काम डॉक्टरपर्यंत सोबत जाण्याचं. सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी सकाळची असते. केसपेपरच्या रांगेत तो एकटा उभा राहिला तर अर्ध्यातून परत येतो.

चौथा_मजला

खूपच उपयोगी. एक शंका राहिली. दोन मित्र रोज रात्री जिन्यात बसून दोन-दोन तास हेच बोलतात. दोघंही दिवसेंदिवस खचलेले दिसतात. मग बोलणं चांगलं की वाईट?

ओपीडीनंतर

बोलणं चांगलं, तेच तेच चघळणं वाईट. अमांडा रोझ या संशोधिकेने २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींवर याचा अभ्यास केला. एकच अडचण मित्रांनी पुन्हा पुन्हा उगाळली की मैत्री घट्ट होते, पण त्याबरोबर उदासी आणि चिंताही जास्त दिसते. म्हणून दोघांनाही कळत नाही की नुकसान होतंय. जवळीक वाढल्याने बरंच वाटत असतं.

त्यांना बोलणं तोडायला सांगू नका, आकार द्या. अर्धा तास, मोबाइलवर अलार्म लावून. शेवटची पाच मिनिटं "उद्या एक काय करायचं?" यावर, आणि ते कामच असलं पाहिजे: आंघोळ करून दहाला खुर्चीवर बसणं, घरी फोन, डॉक्टरची वेळ. दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न "ते झालं का?" हाच. झालं नसेल तर काम लहान करायचं. आठवड्यातून दोन दिवस तरी भेट या विषयाशिवाय: क्रिकेट, भाजी आणणं, काहीही. आणि दोघंही एकाच खड्ड्यात असतील तर तिसरा माणूस हवा. पाणपोई यांनी म्हटलेलं परीक्षेच्या बाहेरचं नाव इथे लागतं.

पाणपोई

यात भर. ऐकणाऱ्याला थांबवता आलं पाहिजे, म्हणून तेही वाक्य छापा: "आज माझ्यात ऐकायचं बळ नाही, उद्या सकाळी नक्की. तोवर अमक्याला फोन कर, मी त्याला सांगून ठेवतो." नुसतं "आज नको" पुरत नाही, पुढची वेळ आणि दुसरं नाव दोन्ही हवीत. जीव द्यायची भाषा असेल त्या दिवशी मात्र हे वाक्य वापरायचं नाही.

ओसरी

कागद कुठे लावणार? मुख्य दारापाशी लावलात तर तो उभं राहून वाचायला कोणी धजणार नाही, मागून येणारा बघतो. बाथरूमच्या दाराला आतून लावा, दोन्हीकडच्या. तिथे दोन मिनिटं एकांत मिळतो आणि फोटो काढता येतो. खाली फाडून न्यायच्या चिठ्ठ्या ठेवू नका. पहिली चिठ्ठी फाडणारा सापडत नाही आणि झालर तशीच लोंबत राहते. ओलाव्यासाठी लॅमिनेशन, अक्षर १६ पॉइंटच्या खाली नको. वरच्या अर्ध्या भागात तीन नमुने, खालच्या अर्ध्यात ऐकणाऱ्यासाठीचा मजकूर, १४४१६ मोठ्या अक्षरात मध्ये. कायद्याची माहिती मागच्या बाजूला छापलीत तर कोणी वाचणार नाही, तिला वेगळा छोटा कागद करा.

चौथा_मजला

मुलींच्या बाजूच्या कागदावर "साडेपाच" आणि हो-नाहीची युक्ती, मुलांच्या बाजूला कामाचा नमुना पहिला, असं करतो. उद्या मजकूर टाइप करून इथे टाकतो, शुद्धलेखन कोणीतरी बघा. आणि चाव्यांसाठी वेगळे खिळे ठोकतोय.